रंजनाबाईंचं शेरेबुक

रंजनाबाई वळवी आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अकरा वर्षं शिकवत होत्या आणि त्या अकरा वर्षांत मी शाळेची पायरी तीनदा चढलो. पहिल्यांदा गेलो आणि शाळेचं वाटोळं करून आलो. दुसऱ्यांदा गेलो ते कबुली द्यायला, ती अर्धीच देऊन परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा शाळेचं सामान माझ्याच पिकअपमध्ये भरायचं होतं. हे सांगायची मला लाज वाटते. पण न सांगता बरेच महिने काढले, त्यातही लाज कमी झाली नाही, उलट लोणच्यासारखी मुरत गेली.

मी भावेश मगन पाटील. तापीकाठचा गुजर, शहाद्याच्या अलीकडच्या गावातला. शेती आहे, पण माझी ओळख मिरचीची. वडिलांपासून, म्हणजे आबांपासून, आम्ही आसपासच्या गावांतली ओली लाल मिरची घेतो, पथारीवर वाळवतो, बायांकडून देठ खुडून घेतो आणि नंदुरबारच्या बाजारात पाठवतो. पथारी म्हणजे गावाबाहेरचं आमचं मोकळं रान, हिवाळाभर मिरचीने झाकलेलं. लांबून छान दिसतं, जवळ गेलं की शिंका सुरू होतात. भावेशने मूठभर मिरची हातात घेतली की पोत्याच्या पोटातलं सांगतो, असं लोक म्हणतात. मलाही ते ऐकायला आवडतं. आवडायचं.

आबांनी मला एक नियम घालून दिला होता. वानगी, म्हणजे नमुन्याची मूठ, नेहमी आपल्या हाताने काढायची. विकणाऱ्याला पोत्याला हात लावू द्यायचा नाही. तो वरचा चांगला माल पुढे करणार आणि तळाचा ओला लपवणार. मिरचीला हा नियम शंभर टक्के लागू पडतो. मी अतिशहाणा, मी तो माणसांना लावला.

आता बाईंबद्दल. रंजनाबाई धडगावच्याही पलीकडच्या एका पाड्यावरच्या. आश्रमशाळेत शिकल्या, डी.एड. झाल्या. पहिली नेमणूक मिळाली ती मणिबेलीच्या अंगाला, नर्मदेच्या काठावर. तिथं बोटीशिवाय जाता यायचं नाही. पावसाळ्यात बोट बंद राहिली तर बाई आठ-आठ दिवस पाड्यावरच मुक्काम करायच्या. ते सगळं करून आमच्या डांबरी रस्त्याच्या गावात आल्या तेव्हा त्यांना वाटलं असेल, सुटलो. आमच्या गल्लीत त्या वेळी तीन घरं रिकामी होती. बाईंना एकाही घरात खोली मिळाली नाही. कोणी नाही म्हणालं नाही. "नंतर सांगू," असं म्हणालं. त्यात मोहिनी, माझी बायको, आणि मीही आलो. मग त्यांनी शहाद्यात खोली घेतली आणि अकरा वर्षं रोज स्कूटीवर ये-जा केली.

सकाळी स्कूटी निंबाखाली लावून त्या आधी भिलाटीत जायच्या. भिलाटी म्हणजे गावाच्या खालच्या अंगाची भिल्लांची वस्ती. आमच्या शेतांवर राबणारी, पथारीवर देठ खुडणारी सगळी माणसं तिथली. बाई एकेका दारात उभ्या राहायच्या, मुलांना गोळा करायच्या आणि घोळका घेऊन आमच्या गल्लीतून शाळेकडे निघायच्या. पदराच्या टोकाला खडूचे तुकडे बांधलेले असायचे. आम्ही ओट्यावर चहा पीत बघायचो आणि कोणीतरी हमखास म्हणायचं, "चालनी बाईनी वरात." आम्ही हसायचो. बाईंनाही ऐकू जायचं, आणि त्या आमच्याकडे बघून मान हलवून नमस्कार करायच्या.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्या आमच्या ओट्याशी आल्या. हातात घरी लिहिलेलं निमंत्रण होतं. गावात त्या वर्षी पहिलीला जाणारी आमच्या गल्लीतली मुलं आठ होती. त्यातली एक माझी हेतवी.

"भाऊ, एकदा शाळा बघून जा," त्या म्हणाल्या. "मग कुठं घालायचं ते तुम्ही ठरवा. पण न बघता ठरवू नका."

मोहिनीने त्यांना ओट्यावरच चहा दिला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला.

त्या गेल्यावर हेमराज आला. हेमराज माझा भाऊबंद, त्याचा मुलगाही त्या आठांतला. त्याच्यामागून त्याची आई, दगूबाई काकू. काकूंच्या जिभेला हाड नाही, पण मनात काही नसतं.

"तूच देखी ये, भो," हेमराज म्हणाला. "आमले काय समजस शायनं? तू सांगशी तसं करसूत."

"हा," काकू म्हणाल्या, "मिरची देखस तशी देख. पन शिंका खाई ये नको."

बाकीच्या सातही घरांनी हेच सांगितलं. भावेश बघून येईल, भावेश सांगेल. माझी छाती फुगली. आता एक गोष्ट सांगतो, ती त्या वेळी कोणालाच सांगितली नव्हती. शहाद्याच्या बाजूला एक इंग्रजी शाळा आहे, पिवळी व्हॅन येते तिची. तिथं हेतवीचा प्रवेश मी चार दिवस आधीच करून आलो होतो. म्हणजे मी पारख करायला निघालो तेव्हा भाव ठरलेला होता. फक्त माल हलका निघायला हवा होता, म्हणजे माझं बरोबर ठरलं असतं.

शाळा दोन खोल्यांची. दुसरे गुरुजी वर्षातले निम्मे दिवस कसल्या ना कसल्या सरकारी कामावर, म्हणून चारही इयत्ता बाईंच्याच. सव्वीस मुलं. नऊ चौथीत, बाकी खालच्या वर्गांत. सगळी भिलाटीतली, एक-दोन सोडली तर. मी बूट न काढता आत गेलो. भिंतीवर एक मोठा तक्ता होता, त्यात दोन रांगा. एका रांगेत मुलांच्या घरचे भिली शब्द, समोरच्या रांगेत तेच मराठीत. बाई आधी भिलीत काहीतरी विचारायच्या, मुलं ओरडून सांगायची, मग बाई तेच मराठीत म्हणायला लावायच्या. मला वाटलं, घ्या, इथं मराठीसुद्धा शिकवत नाहीत, आणि ही म्हणे शाळा! आज वाटतं, मी सहा वर्षांचा असताना मला कोणी एकदम परक्या भाषेत बडबडायला लावलं असतं तर मी तरी काय केलं असतं? आमच्या घरी तरी कुठे पुस्तकी मराठी बोलतात? पण त्या दिवशी मी पारखी होतो.

बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. एका मुलाला हाक मारत होत्या, वाचून दाखव म्हणून. मी हात वर केला.

"तुम्ही नको, बाई. मी निवडतो."

मागच्या रांगेत एक मुलगी होती. दुसरीतली. तेल लावून घट्ट वेण्या, निळ्या फ्रॉकला एक बटण वेगळ्या रंगाचं. चेहरा ओळखीचा वाटला. भिलाटीतले सगळेच चेहरे मला ओळखीचे वाटतात आणि नाव एकाचंही आठवत नाही. मी बोट केलं. "ही."

ती उभी राहिली. मी टेबलावरचं पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं. "वाच."

ती माझ्या बुटांकडे बघत राहिली.

"वाच ना. हे काय लिहिलंय?"

तिने ओठ मिटून घेतले. माझा आवाज मोठा आहे, मला ठाऊक आहे. पथारीवर पन्नास बायांना हाक मारायची तर मोठाच लागतो. मी तो अजून चढवला. मुलीने पुस्तक मिटून छातीशी धरलं. मग मी शेजारच्या दोघांना विचारलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तेही गप्प झाले. मघाशी ओरडून उत्तरं देणारा वर्ग एकदम मुका झाला.

बाई पुढे आल्या. "भाऊ, पाच मिनिटं व्हरांड्यात उभे राहाल? नुसते नजरेआड व्हा. ती वाचेल. तुम्हाला तिथं ऐकू येईल."

मी हसलो. म्हणालो, "बाई, वानगी विकणाऱ्याच्या हातून घेत नाहीत."

त्यांचा चेहरा उतरला, पण त्या भांडल्या नाहीत. शाळेत एक शेरेबुक असतं, भेटीला येणाऱ्याने त्यात शेरा लिहायचा. बाईंनी कपाटातून ते काढलं. "नियम आहे," त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना आशा होती की लिहिताना तरी माझा हात अडखळेल. अडखळला नाही. मी झोकात लिहिलं: आज शाळेला भेट दिली. मुलांना वाचता येत नाही. खाली तारीख आणि लपेटदार सही.

चार-सहा दिवसांनी आखाजी होती. आखाजीला आमच्याकडे माहेरवाशिणी येतात, निंबाला झोके टांगतात, घरोघरी पुरणपोळी होते. संध्याकाळी सगळे माझ्या ओट्यावर जमले.

"काय मंग?" हेमराजने विचारलं. "माल कसा शे?"

मी म्हणालो, "हलका शे."

दोन शब्द. कोणी विचारलं नाही, तू किती वेळ बसलास, किती मुलांशी बोललास. माझ्या शब्दावर लोक गाडीभर मिरची देतात, तर ही शाळा कोण! जूनमध्ये गल्लीतली आठही मुलं पिवळ्या व्हॅनमध्ये बसली. हेतवी खिडकीतून हात हलवत होती. त्याच वेळी बाई आपला घोळका घेऊन समोरून येत होत्या. त्यांनी हेतवीला हात हलवून दाखवला आणि मला नेहमीसारखा नमस्कार केला. मी मोबाईलकडे बघितलं.

चौथीची नऊ मुलं बाहेर पडली, भिलाटीतली दोन पहिलीला आली. पट एकोणीस झाला. वीसच्या खाली पट गेला तर पुढच्या जूनपासून शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळायची, असं दिवाळीच्या आधी पत्र आलं. शेजारचं गाव तीन किलोमीटर, आणि मध्ये तो रस्ता, ज्यावरून हिवाळाभर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. सहा-सात वर्षांच्या पोरांनी त्या रस्त्याने चालत जायचं. मोठ्या माणसांची पोरं व्हॅनने जाणार, यांना कोण व्हॅन देणार? भिलाटीतल्या चार-पाच जणांनी तर सरळ सांगितलं की पोरीला एवढ्या लांब धाडणार नाही.

पट एकाने कमी पडला होता. एका मुलाने. माझी हेतवी एकटी गावच्या शाळेत गेली असती तरी वीस झाले असते. हा हिशेब त्या वेळी मी केला नाही. ऐकलं, "अरेरे" म्हणालो आणि नवीन मिरचीच्या मागे लागलो.

नोव्हेंबरातली गोष्ट. रविवार होता. पथारीवर बाया देठ खुडत बसल्या होत्या. मी पोत्यांच्या थप्पीमागून येत होतो, पायात चप्पल नव्हती, म्हणून कोणाला चाहूल लागली नाही. एक बारीक आवाज ऐकू आला. कोणीतरी गोष्ट वाचत होतं. न अडखळता, खाली-वर आवाज करत, कोल्ह्याचा वेगळा आणि बोकडाचा वेगळा. मध्येच थांबून तेच बायांना भिलीत सांगत होतं. बाया हसत होत्या आणि त्यांचे हात भराभर चालत होते. मला आधी वाटलं मोबाईल लावलाय. वाकून बघितलं तर तीच मुलगी. निळा फ्रॉक, वेगळ्या रंगाचं बटण. मांडीवर पुस्तक, आणि आईच्या पाठीला पाठ लावून बसलेली.

मी पुढे झालो. तिने मला बघितलं आणि तिचा आवाज शब्दाच्या मध्यावर तुटला. पुस्तक मिटलं, नजर माझ्या पायांवर.

"अगं, वाच की," मी म्हणालो. "थांबलीस का?"

ओठ मिटलेले. अगदी तसेच.

तिची आई प्रमिला घाईघाईने उठली. दिवाल्या, माझा सालदार, त्याची बायको. म्हणजे ही मुलगी माझ्या घरी बारा महिने राबणाऱ्या माणसाची होती आणि मला ते ठाऊक नव्हतं.

"शेठ, रागे भरू नका," प्रमिला म्हणाली. "तुम्हीच सांगेल व्हतं ना तिले, आठे तोंड उघाडानं नही. तवयपासून ती तुमना समोर बोलत नही. पोर शे, तिनं ध्यानमा ठेवं."

मी विचारलं, "इथं तोंड उघडायचं नाही, असं मी कधी सांगितलं?"

"होळीना पहिले. ती पोतावरनं वाची ऱ्हायनी व्हती."

आणि मला आठवलं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी नंदुरबारच्या व्यापाऱ्याशी फोनवर भावाची घासाघीस करत होतो. मागे एक पोरगी थप्पीतल्या पोत्यांवरची अक्षरं मोठ्याने वाचत फिरत होती. एक पोतं वाचून झालं की दुसरं, तिसरं. नवीन नवीन वाचता यायला लागलेलं पोर कसं दिसेल ते वाचत सुटतं, तसं. मला फोनवरचं ऐकू येईना. मी फोनवर हात ठेवून गर्जलो होतो, "ए पोर, चूप! आठे तोंड उघाडानं नही!" सगळी पथारी गप्प झाली होती. मग मी पुन्हा भावाचं बोलायला लागलो आणि दोन मिनिटांत विसरलो.

म्हणजे तिला वाचता येतं हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, शाळेत जायच्या दोन महिने आधी. तिला गप्प बसवलं मी. आणि ती गप्प बसली म्हणून शाळेला नापास केलं तेही मीच. आबांचा नियम सांगतो की विकणाऱ्याने माल हाताळलेला नसावा. घेणाऱ्याने आधीच तुडवलेला असेल तर काय करायचं, हे आबांनी सांगितलं नव्हतं.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"रूपा," प्रमिला म्हणाली.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. मोहिनीने विचारलं, मी पोटाचं कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठरवलं की बाकीच्या सातही घरी जायचं आणि सांगायचं, माझं चुकलं, वर्ष संपलं की पोरं गावच्या शाळेत घाला. आधी हेमराजकडे गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं. दारात पोचलो, हेमराज म्हणाला, "ये भो, बठ," आणि माझ्या तोंडून वेगळंच बाहेर पडलं.

"मी म्हणतो, आपली गावनी शाळा आते सुधरी गयी," मी म्हणालो. "पोरे तठेच टाकूत."

हेमराज गोंधळला. "फी भरी टाकी ना. आते अर्धा वरीसमा कसं काढानं? आन तूच सांगं ना, माल हलका शे?"

दगूबाई काकू पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "सुधरी गयी, का तुले आते दिसनी?"

एवढाच प्रश्न होता. 'हो काकू, मला आता दिसली' असं म्हणायचं होतं, बस. मी म्हणालो, "तसं नही, काकू, बाईसनी मेहनत लई वाढनी," आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. काकू पुन्हा लसणीकडे वळल्या. बाकीच्या सहा घरी मी गेलोच नाही. हेमराजसमोर जमलं नाही ते दुसऱ्यांसमोर काय जमणार?

मग दुपारी शाळेत गेलो. या वेळी बूट बाहेर काढले. मुलं खिचडी खात होती. रूपाने मला बघितलं आणि ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. बाई एकट्या टेबलाशी बसून पट भरत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पोत्यांचं, फोनचं, माझ्या ओरडण्याचं.

बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, भाऊ. त्याच दिवशी तिने सांगितलं. तुम्ही गेल्यावर खूप रडली."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. पाच मिनिटं बाहेर उभे राहा म्हणाले. कारण मला आधीही कळलं होतं, पोर तुम्हाला भ्यालंय. का, एवढंच ठाऊक नव्हतं."

"आणि नंतर? नंतर घरी येऊन सांगायचं होतं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "दिवाल्या तुमच्याकडे सालाने आहे. त्याच्या पोरीने शेठची तक्रार केली, असं झालं असतं. मला शाळा वाचवायची होती, पण त्याचं काम घालवून नाही."

माझ्याबद्दल त्यांचा हा अंदाज होता. मी म्हणणार होतो, मी तसा नाही. पण म्हणालो नाही, कारण गेल्या आखाजीचा मी तसाच होतो.

बाईंनी कपाट उघडून शेरेबुक काढलं, माझ्या शेऱ्याचं पान उघडलं आणि त्याच्या खालची कोरी जागा माझ्यासमोर केली. "पत्राला उत्तर पाठवायचंय, पुढच्या सोमवारपर्यंत. त्याला तुमचा हा शेरा जोडून मागितलाय. खाली दुसरा लिहा. मागचा चुकीचा होता, का चुकीचा होता, एवढंच. शिवाय हेतवी इथं येईल असं लिहिलंत, तर पटावर वीस होतात. मी ते घेऊन स्वतः तालुक्याला साहेबांकडे जाईन."

त्यांनी पेन पुढे केलं. मी घेतलं. पहिलं अक्षर काढणार, एवढ्यात डोक्यात चक्र सुरू झालं. हे साहेब वाचणार, वाचून दाखवणार, गावात येणार. भावेश पाटलाने खोटा शेरा दिला. पोरीवर ओरडला आणि पोरीलाच नापास केलं. हेमराज हसेल. व्यापारी म्हणतील, हा पारखी? आणि मोहिनीला काय सांगायचं, व्हॅनमधून हेतवीला का काढली? मी पेन टेबलावर ठेवलं.

"बाई, नीट विचार करून लिहितो," मी म्हणालो. "उद्या येतो."

"पुढचा सोमवार शेवटचा, भाऊ," त्या म्हणाल्या.

"उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी तीन गाड्या माल आला. मी स्वतःला सांगितलं, आज कसं जाणार? तिसऱ्या दिवशी नंदुरबारला गेलो, जायची गरज नव्हती तरी. सोमवार गेला. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. एक फोनसुद्धा केला नाही. केला असता तर कदाचित मी गेलो असतो, असं मी अजून स्वतःला समजावतो. तेही खोटंच आहे. डिसेंबरात कळलं की शाळा मिसळायचं पक्कं झालं. बाईंची बदली तळोद्याच्या बाजूला होणार होती.

यंदा एक मेला निकाल होता, शाळेचा शेवटचा दिवस. सामान शेजारच्या गावी पोचवायला गाडी हवी होती. मी दिवाल्याकडून निरोप धाडला की माझी पिकअप घेऊन येतो. भाडं नको. वाटलं, एवढं तरी करू. चोराच्या हातून देवाला हार, तसलाच प्रकार.

मी गेलो तेव्हा मुलं हातात गुणपत्रक धरून उभी होती. बाईंनी मला बघून तोच नमस्कार केला. बाकं चढवली, तो भिलीचा तक्ता गुंडाळून चढवला, खिचडीची पातेली चढवली. मी पिकअपच्या मागे जाऊन ताडपत्रीची दोरी आवळायला लागलो. तिथून मी कोणाला दिसत नव्हतो. व्हरांड्यात कपाटातली रजिस्टरं मांडली होती. बाई यादी घेऊन बसल्या आणि त्यांनी रूपाला हाक मारली. प्रत्येक रजिस्टरावरचं नाव वाचायचं, बाई यादीत खूण करणार.

"हजेरीपट," रूपा वाचत होती. खणखणीत आवाज. "पोषण आहार नोंदवही. जडवस्तू संग्रह नोंदवही. शेरेबुक."

"आतला शेवटचा शेरा वाच. तारीख लिहायची आहे इथं," बाई म्हणाल्या.

पानं उलटल्याचा आवाज आला. मी दोरी धरून तसाच थांबलो.

"आज शाळेला भेट दिली," रूपाने वाचलं. "मुलांना वाचता येत नाही. भावेश मगन पाटील." सहीसुद्धा वाचली तिने, ती लपेटदार, जी बँकेतल्या माणसालाही लागत नाही. मग तिने विचारलं, "बाई, कोणत्या मुलांना वाचता येत नाही?"

मला पुढे व्हायचं होतं. त्या पोरीसमोर उभं राहून सांगायचं होतं की ते मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. पण मी गाडीमागून बाहेर आलो असतो तर तिचा आवाज पुन्हा तुटला असता. बाईंनी वर्षापूर्वी मागितलेली पाच मिनिटं मी आत्ता देत होतो. हाताला दोरी काचत होती.

"त्याच्या खाली काय आहे, ते बघ," शेवटी बाई म्हणाल्या.

रूपाने पान उलटलं. मग आणखी एक. मग आणखी एक.

"काही नाही, बाई," ती म्हणाली. "पुढं सगळं कोरं आहे."